बेचाळीस नोट्स आणि एक रॅम्प

चाचा, गुरुवारी रॅम्पखालचं फळ्यांचं सेंट्रिंग काढलं आणि रॅम्प बरोबर निघाला. तुम्ही असता तर आधी विचारलं असतंत, "कौनसा रॅम्प?" म्हणून सांगतो. विजापूर रोडला एका डॉक्टर मॅडमचं बाळंतपणाचं नवं हॉस्पिटल उभं राहतंय. त्याचे सगळे नकाशे माझ्या हातचे आहेत. तेवीस शीट, अकरा सेक्शन, बेचाळीस नोट्स, आणि त्यात एकही नोट दुसऱ्या कुठल्या इमारतीची नाही. ही बातमी ऐकायला आता माणसं पुष्कळ आहेत. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, बायकोला दोनदा सांगून झालंय, आणि करकंबला फोन करून आईलाही सांगितलं, ती म्हणाली, "रॅम्प म्हंजी काय रं?" पण तुम्हाला सांगितल्याशिवाय ती बातमी मला पुरी वाटत नाही, कारण त्यात तुमच्याशी एक जुनं भांडण आहे, आणि ते मी जिंकलोय असं मला वाटतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या उशिरा जिंकलेलं भांडण कुणापुढे मांडायचं?

मी बारावीला गणितात दोनदा आपटून सरांच्या आर्किटेक्ट ऑफिसात आलो तेव्हा तुम्ही खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर शाईनं ट्रेसिंग करत होता. कॉम्प्युटर दोन आले होते, पण सर अजून अवघड काम तुमच्याकडेच द्यायचे. पहिल्या दिवशी तुम्ही मला दहा ओळी लिहायला दिल्या. मी जपून लिहिल्या, एकेक वेलांटी तपासून, आणि तुमच्या नमुन्यातली एक चूकही दुरुस्त केली. तुम्ही चष्मा वर करून माझ्याकडे बघितलंत. "मुन्शी आलाय रे आपल्याकडं," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, आणि त्या दिवसापासून मी मुन्शी झालो. मला राग आला होता. आता तुमच्यानंतर त्या ऑफिसात कुणी तशी हाक मारत नाही, तर चुकल्यासारखं होतं.

तुमच्या नोट्स इतरांसारख्या नव्हत्या. बाकीचे लिहायचे, 'योग्य तो उतार द्यावा.' तुम्ही लिहायचा, 'मोरीचा उतार जाळीकडे, दाराकडे नको.' बाकीचे लिहायचे, 'गच्चीचे जलरोधक काम नियमानुसार.' तुम्ही लिहायचा, 'गच्चीचा कोपरा चौकोनी ठेवू नये, गोल करावा, पाणी तिथेच मुरते.' गवंडी समोर उभा आहे आणि त्याच्याशी बोलताय असं. आणि प्रत्येक घराला तुम्ही त्या नव्यानं लिहायचा. मी एकदा म्हणालो, "चाचा, हीच नोट मागच्या बंगल्याला होती, तिची झेरॉक्स चिकटवू का?" तुम्ही पेन खाली ठेवलंत. "नोट चिटकवणाऱ्यानं घर बघितलेलंच नसतंय. हात से लिख. लिहिताना कळतंय की ती मोरी कुठं हाय." भांडणाची सुरुवात ती.

सेक्शन म्हणजे इमारत उभी कापून काढलेला नकाशा, हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. रविवारी दुपारी बोलावून घेतलं होतंत, पुस्तकातली आकृती मला चार दिवस उमगत नव्हती म्हणून. चाचींनी ओट्यावर लाल भोपळा ठेवला होता. तुम्ही सुरी घेतलीत आणि मधोमध कापलात. एक फाक माझ्यासमोर धरलीत. स्वच्छ, बिया भरलेल्या. मग दुसरी धरलीत. तिच्या आतल्या अंगाला, कापाच्या जरा मागे, सालीजवळ, रुपयाएवढा काळा डाग. "काप एकच हाय की नाही? मग एकात डाग दिसतोय, दुसऱ्यात नाही, का?" मी दोन्ही फाका फिरवून बघितल्या. "कापल्यावर दोन तोंडं होतात, बेटा. तू कुठल्या तोंडाकडं बघतोयस ते नकाशावरचा बाण सांगतो. बाण उलटा लावलास तर डाग दिसणारच नाही, आणि गवंडी तो डाग बांधून टाकेल." तेवढ्यात चाची आल्या. "सालन के वास्ते लाई थी मैं, नक्शे के वास्ते नै! और ये सड़ेला किधर से उठाके लाए तुम?" तुम्ही म्हणालात, "मुन्शी के वास्ते," आणि त्या हसल्या. डागाकडची फाक त्यांनी मला दिली, कुत्र्याला टाक म्हणून. मी ती पिशवीतून खोलीवर नेली, डाग काढला आणि उकडून खाल्ली. हे तुम्हाला माहीत नव्हतं.

एवढं शिकवूनही मी तो जिना चुकवलाच. बँकेतल्या साहेबांचा बंगला. प्लॉटचा रस्ता दुसऱ्या अंगाला आहे असं आयत्या वेळी कळलं, आणि मी कॉम्प्युटरवर सगळा प्लॅन आरशात दिसावा तसा उलटवला. प्लॅन उलटला, पण जिन्याचा सेक्शन वेगळ्या शीटवर होता, तो तसाच राहिला; प्लॅनवरच्या गोलातला शीटचा आकडाही जुना, बाणही जुना. गवंड्यानं सेक्शन बघून जिना चढवला. अकरा पायऱ्या आणि मधला चौक होऊन गेल्यावर कळलं की जिना संडासाच्या दारात उतरतोय. सेंट्रिंगचा मिस्त्री, तोच अक्कलकोटकडचा, मोठी छाती असलेला, हातोडा घेऊन पायऱ्या फोडत होता आणि प्रत्येक घावाला म्हणत होता, "ही एक मुन्शीची, ही एक मुन्शीची." सर आले. कुणी काढलंय म्हणून विचारण्याआधीच तुम्ही म्हणालात, "तपासलं मी होतं, साहेब." बस, तेवढंच. मग सर गेल्यावर तुम्ही मला त्या फुटक्या चौकावर उभं केलंत, हातात नकाशा दिलात. "आता सांग. बाण कुठं बघतोय?" मी बोट केलं. "आणि तू कुठं बघत होतास?" तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. मी अजून कुठल्याही नव्या जिन्यावर चढताना पायऱ्या मोजतो.

तुमचे डोळे गेले, मग तुम्ही गेलात, आणि उतरतं टेबल माळ्यावर गेलं. त्यानंतर ऑफिसात जी पद्धत पडली ती तुम्हाला बघवली नसती. नवं काम आलं की जुन्या कामाची फाइल उघडायची, दुसऱ्या नावानं ठेवायची, भिंती पुसायच्या आणि नवीन भिंती काढायच्या. नोट्स, गोल, बाण, सगळं मागच्या इमारतीचं तसंच. ती मागची इमारत तिच्या मागचीवरून निघालेली. एका रिटायर्ड मास्तरांनी सरांना फोन केला, "साहेब, आमच्या बंगल्याच्या नकाशात लिहिलंय, स्टेजखाली मुरूम भरून घट्ट करावा. स्टेज कुठं आहे, साहेब? आमची मंडळी विचारतात, नाटक करायचंय का?" शोध घेतला तर ती नोट एका मंगल कार्यालयाची होती, सात कामं ओलांडून मास्तरांच्या हॉलमध्ये आलेली. सगळे हसले. मी हसू शकलो नाही. मला फोडलेल्या अकरा पायऱ्या दिसत होत्या.

मग मी ठरवलं, ही पद्धत मोडायची. मी कुठल्या कॉलेजात गेलेलो नाही, नवीन सॉफ्टवेअर शिकायला मला इतरांच्या तिप्पट वेळ लागला, आणि शिकताना चुकीचं बटण दाबलं जाईल म्हणून मी प्रत्येक गोष्ट वहीत उतरवून मग करायचो. पण यात एक गोष्ट अशी आहे चाचा, की ती बघून तुम्ही चष्मा वर केला असतात. प्लॅनवर रेघ मारली की तिथं कापलेली इमारत आपोआप तयार होते. रेघेच्या टोकाला गोल येतो. त्याच्या वरच्या अर्ध्यात सेक्शनचा नंबर, खालच्या अर्ध्यात तो कुठल्या शीटवर आहे तो नंबर. ते आकडे मी लिहीत नाही. सेक्शन सातव्या शीटवर ठेवला तर सात येतं, उचलून नवव्या शीटवर नेला तर जिथंजिथं त्याचा गोल आहे तिथंतिथं नऊ होतं. प्लॅन उलटवला तर सेक्शन त्याच्यामागे येतो, जुना राहूच शकत नाही. स्वतःच्या खात्रीसाठी मी पन्नास ठिकाणी कापून बघतो, पण त्या सेक्शनांना 'फक्त बघायला' असं नाव देऊन वेगळं ठेवतो, म्हणजे ते छापून साइटवर जात नाहीत आणि गवंड्याचा गोंधळ होत नाही.

आणि नोट्स. इथं आपलं भांडण आहे. मी त्यांची एकच यादी केली. प्रत्येकीला नंबर. नकाशात बाण ओढायचा, नंबर निवडायचा, मजकूर यादीतून येतो. यादीत एक शब्द बदलला की सगळ्या शीटवर बदलतो. म्हणजे चिटकवणंच, तुम्ही म्हणाल. पण ऐका. यादी करण्याआधी मी माळ्यावरचे तुमचे रोल खाली काढले. सगळे. चार महिने रविवारी तेच केलं, धूळ झटकून एकेक उलगडून तुमच्या नोट्स उतरवून घेतल्या. एकट्या मोरीच्या उताराच्या चौदा तऱ्हा निघाल्या. कुठं 'जाळीकडे', कुठं 'बाहेरच्या भिंतीकडे', एका ठिकाणी 'म्हाताऱ्या माणसाचे घर आहे, उतार कमी ठेवावा'. त्या चौदा समोर ठेवून मी एक लिहिली. एका नोटेला आठवडा गेला असेल. तुम्ही एकेका घरासाठी लिहिलंत, मी सगळी घरं डोळ्यापुढे ठेवून एकदा लिहिली, आणि आता ती कुठंही गेली तरी यादीला बांधलेली आहे, मंगल कार्यालयातून पळून मास्तरांच्या घरी जाऊ शकत नाही. हातानं लिहिणारा एक दिवस दमतो, चाचा. तुम्हीही शेवटी शेवटी एका बंगल्यात दारावरच्या लिंटेलची नोट विसरला होता. मी ती शाईनं घातली होती, तुमच्या अक्षरात. म्हणून म्हणतो, भांडण मी जिंकलोय.

सरांना पटत नव्हतं. हॉस्पिटलचं काम आलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे एक काम तुझ्या पद्धतीनं. साइटवर एक जरी चूक गेली तर पुन्हा आपलं जुनं सुरू, आणि मोठ्या कामांची शीट मी पुण्याहून करून घेणार." म्हणजे माझ्याकडे बंगल्यांच्या मंजुरीचे सह्यांचे कागद छापणं राहिलं असतं. पहिल्याच मीटिंगमध्ये मॅडमनी नेमलेल्या इंजिनिअर साहेबांनी शीट उलटसुलट करत विचारलं, "कुणी काढलंय हे? इंजिनिअर आहे का?" सर म्हणाले, "नाही, पण व्यवस्थित आहे." त्या 'पण'वर मी दोन दिवस जेवलो नाही नीट. मॅडमची अट मात्र सोपी होती आणि ती मला आवडली. "पेशंट स्ट्रेचरवर, सलाईन चालू, रॉड लावलेला, तसाच वर गेला पाहिजे. तुळई आली म्हणून रॉड काढायचा, असलं मला नको."

कॉलम कमरेएवढे वर आले होते तेव्हा, एका सोमवारी दुपारी, मॅडमचा निरोप आला. ऑपरेशन थिएटरच्या हवेचे पाइप छतात बसत नाहीत, तळमजला एक फूट उंच करा. तोच आपला मिस्त्री सकाळी आठला पुढच्या फळ्या बांधणार. एक फूट उंची म्हणजे बारा फूट जास्त रॅम्प, मधला चौक सरकणार, वरची तुळई सरकणार, अकराही सेक्शन बदलणार. सरांनी डोक्याला हात लावला. "तीन दिवस गेले." मी एका जागी उंची बदलली. चाचा, स्क्रीनवर सगळी इमारत एक फूट उठली, आणि तिच्याबरोबर सगळे सेक्शन उठले, पातळ्यांचे आकडे बदलले. लांबलेला रॅम्प सातव्या शीटवर मावेना म्हणून त्याचा सेक्शन मी नवव्या शीटवर नेला. गोलांत नऊ झालं. तुळईची जागा मी पाच वेळा कापून बघितली. चारच्या चहाला छापील संच टेबलावर होता.

आणि मग मी वाचायला बसलो. बोट ठेवून, ओठ हलवत, प्रत्येक नोट, प्रत्येक गोल. सर हातात गाडीची किल्ली घेऊन उभे. "अरे, सगळं आपोआप होतंय म्हणतोस ना? मग बोट कशाला फिरवतोयस?" मी म्हणालो, "होतंय, सर. दहा मिनिटं." चौथ्या शीटवर माझं बोट थांबलं. 'रॅम्पसाठी सेक्शन ४, शीट ७ पाहा.' हा गोल नव्हता, यादीतली नोटही नव्हती. कामाच्या पहिल्या आठवड्यात घाईत मी साधी अक्षरं टाइप केली होती. मेलेली अक्षरं. सगळं बदललं, ती बदलली नाहीत. आणि आता सातव्या शीटवर चार नंबरला काय होतं? रिकाम्या झालेल्या नंबरवर आपोआप सरकून आलेला, बाहेरच्या फाटकापासून पायरीपर्यंतचा छोटा रॅम्प. तोही रॅम्पच. उतार जास्त, वर तुळई नाही. मिस्त्रीनं तो बघून आतला बांधला असता. मी ती ओळ पुसली, तिथं खरा गोल लावला, ते एक शीट पुन्हा छापलं. सरांनी जाताना फक्त किल्ली दुसऱ्या हातात घेतली. एवढं तुमचं कबूल करतो: पद्धत माझी जिंकली, पण बोट तुमचं होतं.

पुढचे दीड-दोन महिने मी कसे काढले ते सांगत नाही. साइटवर गेलो की मिस्त्री फळ्यांवरून ओरडायचा, "काय ओ मुन्शी, ह्या टायमाला कुटं उतरवताव? डॉक्टरीणबाईच्या संडासात न्हवं?" कामगार हसायचे. मी टेप काढून मोजायचो, तो म्हणायचा, "मोजा मोजा. फोडायला मीच हाय की."

गुरुवारी सकाळी फळ्या निघाल्या. मॅडम जुन्या दवाखान्यातलं स्ट्रेचर टेंपोत घालून घेऊनच आल्या. दोन वॉर्डबॉय, उंच केलेला रॉड, त्याला रिकामी बाटली. "कुणी झोपतंय का? रिकामं नको, वजन पाहिजे." कुणी पुढे होईना. शेवटी मिस्त्रीनं चप्पल काढली आणि स्ट्रेचरवर आडवा झाला, पोटावर हात ठेवून. निघालं. रॅम्प अजून खडबडीत, चाकं धडधडत होती, बाटली झुलत होती. "आरं हळू की, जित्ता हाय मी अजून!" चौक आला, वळले. पुढं तुळई. सर, इंजिनिअर साहेब, मॅडम, सगळे माना वर करून. मी मान वर केली नाही, मी बाटलीकडे बघत होतो. बाटली तुळईखाली गेली, आणि पलीकडं निघाली. चार बोटं जागा उरली. मिस्त्री आडवा पडल्या पडल्या ओरडला, "तुळई नाकावरनं गेली की ओ, पर लागली न्हाय! थांबू नगा, माजं बाळंतपण वर हाय!" मॅडम इतक्या हसल्या की त्यांना जवळच्या कॉलमला टेकावं लागलं. आणि मी, चाचा, मी चाळीस वर्षांचा माणूस, त्या रॅम्पवरून धावत वर गेलो आणि धावत खाली आलो. पायऱ्याच नव्हत्या, मोजायचं काही नव्हतं. सरांनी तिथंच सांगितलं, सोमवारपासून ऑफिसातली सगळी कामं या यादीवर. पुण्याचं नाव निघालं नाही.

मग इंजिनिअर साहेब जवळ आले. मागच्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं होतं, या वेळी हात पुढे केला. म्हणाले, "नोट्स तर फारच सुंदर लिहिल्यात हो. मिस्त्रीशी बोलल्यासारख्या. कुणाकडे शिकलात?"

मी म्हणालो, "स्वतःच शिकलो, सर. कॉम्प्युटरवर बघून बघून."

मिस्त्री स्ट्रेचरवरून उतरून चप्पल शोधत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं.

चाची आता अक्कलकोटला लेकीकडे असतात, हे पत्र त्यांना देता आलं असतं. पण नातू ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवेल, आणि 'स्वतःच शिकलो' या ओळीपर्यंत येईल, म्हणून देणार नाही. यादीची छापील प्रत उद्या सगळ्यांना वाटायची आहे. पहिल्या पानावर 'तयार करणार' अशी चौकट आहे, तिच्यात मी माझं नाव लिहिलंय. वेलांटी तपासून. ते वाक्य माझ्या तोंडून चुकून गेलं असं मी तुम्हाला सांगणार होतो, तीनदा तसं लिहून खोडलं. चुकून नाही गेलं, चाचा. बोलताना मला बरं वाटलं, आणि आज चौथा दिवस आहे, अजून वाटतंय.